सुजणं वेगळं, पिकणं वेगळं

"मॅडम, सीआरपी ६२ आलाय. इन्फेक्शन झालंय ना?"

हा फोन मला वारंवार येतो. कधी आकडा ४८ असतो, कधी ९०. बोलणारा बहुतेक वेळा बाप असतो, कधी मोठा भाऊ. मुलगा कबड्डीत चढाईला गेला, पाय मॅटवर अडकला आणि गुडघा फिरला. किंवा मुलगी दुचाकीवरून घसरली. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, तुटलेला दिसला. शहरात नेऊन दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, तिसऱ्या दिवशी घरी आणलं. चौथ्या दिवशी कुणीतरी सुचवलं की एकदा रक्त तपासून घ्या. रक्त माझ्या लॅबमध्ये आलं, आकडा मी छापला, शेजारी यंत्राने ठळक अक्षरांत 'हाय' उमटवलं, आणि तासाभरात त्या कागदाचा फोटो सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर फिरला. मला फोन येतो तोवर निकाल लागलेला असतो. सीआरपी वाढला म्हणजे जंतुसंसर्ग झाला, जंतुसंसर्ग झाला म्हणजे ऑपरेशन बिघडलं, आणि आता स्ट्राँग अँटिबायोटिक हवं.

हे मत अडाणी माणसांचं आहे असं कुणी समजू नये. शिकलेली माणसं ते छातीठोकपणे सांगतात आणि, मला हे लिहिताना वाईट वाटतं, काही डॉक्टरही त्यावर चिठ्ठी लिहून मोकळे होतात. त्यांचं म्हणणं त्यांच्याच जोराने मांडायचं तर असं: नॉर्मल म्हणजे ५ च्या आत, हे कागदावरच छापलंय. याचा आकडा ६२, म्हणजे बारापट. इतका स्पष्ट इशारा मिळाल्यावर वाट कशाची बघायची? पाच दिवस गोळ्या दिल्या तर बिघडतं काय? संसर्ग असला तर दबेल, नसला तर नुकसान काहीच नाही. पंधरा दिवसांनी आकडा उतरला की गुडघा वाचला.

यातलं एकही वाक्य टिकत नाही. आकडा छापणारी मीच आहे, त्यामुळे तो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे बोलण्याची पहिली जबाबदारी माझी आहे.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना एक फरक पक्का ठाऊक होता. काटा रुतलेला पाय पुढे केला की आजी आधी विचारायची, "नुसतं सुजलंय की पिकलंय?" सुजलेल्या पायाला विश्रांती, फार तर शेक. पिकलेल्याला पोटीस, आणि पू निघेपर्यंत सुटका नाही. दोन अवस्था, दोन शब्द, दोन उपाय. रक्ताचे रिपोर्ट घरोघर यायला लागले आणि हा फरक आपण हातचा घालवला. इन्फ्लमेशन आणि इन्फेक्शन हे शब्द कानाला जवळचे वाटतात, म्हणून त्यांचा अर्थही एकच धरला. सीआरपी हे सुजण्याचं माप आहे. काही पिकलंय का, हे त्याला ठाऊक नसतं.

या प्रथिनाचा जन्मच गैरसमजाला पोषक होता, हे खरं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकॉकस या जंतूमधल्या 'सी' नावाच्या शर्करेला ते चिकटत होतं, त्यावरून त्याचं नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. जंतूच्या आजारात सापडलं, जंतूवरून नाव मिळालं, तेव्हा जंतूचीच खूण असणार असं वाटणं साहजिक आहे. पण पुढे हेच प्रथिन हृदयविकाराच्या झटक्यानंतर वाढलेलं दिसलं, हाड मोडल्यावर दिसलं, भाजल्यावर दिसलं. मोडलेल्या हाडात कुठला जंतू? ऊतींना इजा झाली की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा रासायनिक निरोप रक्तात सोडतात. तो यकृताला पोचतो आणि यकृत सीआरपी बनवायला लागतं. इजा सुरीने झाली, अपघाताने झाली की जंतूने, हे त्या निरोपात लिहिलेलं नसतं.

आता ऑपरेशनकडे पाहा. 'दुर्बिणीचं आहे, दोन-तीन टाक्यांचं' असं म्हणून लोक त्याला किरकोळ समजतात. टाके बाहेरून दोन-तीनच दिसतात, पण आतलं काम सुताराच्या कामाइतकं दणकट असतं. मांडीच्या मागच्या बाजूच्या एक-दोन कंडरा काढून घेतात, किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्याचा मधला भाग दोन्ही टोकांच्या हाडासकट काढतात. मांडीच्या हाडात आणि नडगीच्या हाडात ड्रिलने बोगदे पाडतात. त्या बोगद्यांतून नवा लिगामेंट ओवून तो स्क्रूने किंवा धातूच्या बटणाने पक्का करतात. सांध्यात रक्त साचतं. दोन हाडांना भोकं पाडल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी ५ च्या आत असावा, ही अपेक्षा कुठून आली? मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या गादीचा, छोटा तुकडा काढण्याच्या दुर्बिणीच्या कामात सीआरपी फारसा वाढत नाही, एसीएलमध्ये चांगलाच वाढतो; कारण उघड आहे, जखमच मोठी असते.

कागदावरची ती ५ ची किंवा १० ची मर्यादा धडधाकट, कुठलंही ऑपरेशन न झालेल्या माणसांवरून काढलेली आहे. ती ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी लावणं म्हणजे नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं वजन करून तिला लठ्ठ ठरवण्यासारखं आहे. ऑपरेशननंतर सीआरपीला स्वतःची एक चाल असते. सहा-आठ तासांत तो चढायला लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो, मग उतरायला लागतो. रक्तात आधीच असलेल्या सीआरपीतला निम्मा सुमारे १९ तासांत नाहीसा होतो, त्यामुळे जखमेकडून येणारे निरोप कमी झाले की आकडाही भरभर खाली येतो. सगळं सुरळीत असेल तर साधारण दोन आठवड्यांत तो नेहमीच्या पातळीजवळ पोचतो. म्हणून चौथ्या दिवशीचा ६२ आणि चौदाव्या दिवशीचा ६२ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर कुणी झोप उडवून घेऊ नये. दुसऱ्यावर कुणी झोपू नये. आणि रिपोर्टचा फोटो पाठवणाऱ्यांपैकी ऑपरेशनचा कितवा दिवस हे आपणहून सांगणारा माणूस मला क्वचितच भेटला.

साधा हिशेबही कुणी मांडत नाही. एसीएलच्या ऑपरेशननंतर गुडघ्यात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण बहुतेक ठिकाणी शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. पहिल्या आठवड्यात मात्र शंभरातल्या जवळपास प्रत्येकाचा सीआरपी वाढलेला असतो. जी खूण सगळ्यांच्या कपाळावर आहे, तिच्यावरून चोर कसा ओळखणार?

एककांचा घोळ तर मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. एका मुलाचा पहिला रिपोर्ट शहरातल्या एका लॅबचा होता: सीआरपी ४.८. चार दिवसांनी तोच मुलगा माझ्याकडे आला. माझ्या यंत्राने ३१ दाखवला. वडील हादरले. सहापट वाढ! रात्रीच कुणाच्या तरी सल्ल्याने अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. शहरातल्या लॅबचा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, माझा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. डेसिलिटर हा लिटरचा दहावा भाग. म्हणजे पहिला आकडा खरं तर ४८. तो ३१ वर उतरला होता. मुलगा बरा होत होता, आणि बरा होत असल्याच्या पुराव्यावरच त्याला औषध चढवलं गेलं. यात त्या वडिलांचा काय दोष? एकक हे रिपोर्टवरचं सगळ्यात बारीक अक्षर असतं, आणि 'हाय' हे सगळ्यात ठळक. ही मांडणी आम्ही लॅबवाल्यांनी केलेली आहे.

ईएसआरबद्दल थोडक्यात सांगते, कारण या कामात तो सीआरपीच्याही मागे चालतो. नळीत उभं ठेवलेलं रक्त तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतं, एवढंच तो मोजतो. तो मुख्यतः फायब्रिनोजेन या प्रथिनावर हलतो, आणि ते प्रथिन सावकाश उतरतं. त्यामुळे ऑपरेशननंतर ईएसआर कित्येक आठवडे वर राहू शकतो. हिमोग्लोबिन कमी असलं तरी तो वाढतो, वयाने वाढतो, गरोदरपणात वाढतो, नळी तिरकी राहिली तरी वाढतो. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा ईएसआर रक्तक्षयामुळे ऑपरेशनच्या आधीच ३०-४० असतो. अशा बाईला तिसऱ्या आठवड्यात ईएसआर ४५ आला म्हणून घाबरवणं मला क्रूरपणाचं वाटतं.

आता त्या पाच दिवसांच्या गोळ्यांकडे येते. या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथे आहे. 'दिल्या तर बिघडतं काय?' या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या टेबलावर पाहिलेलं आहे.

एका मुलीला ऑपरेशननंतर नवव्या दिवशी गुडघा जास्त दुखायला लागला. बारीक ताप. सीआरपी वाढलेला. घराजवळच्या डॉक्टरांनी सेफिक्सिम लिहून दिलं. दोन दिवस बरं वाटलं, ताप गेला, घरच्यांना हायसं वाटलं. मग पुन्हा सूज. गोळी बदलली. सोळाव्या दिवशी ती ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनकडे परत पोचली, त्यांनी सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं आणि ते माझ्याकडे आलं. गढूळ, पिवळट. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींचा खच. गुडघा पिकला होता याबद्दल शंकेला जागा नव्हती. मी कल्चर लावलं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. प्लेट कोरी. जंतू होते, पण गोळ्यांनी इतके अर्धमेले झालेले की प्लेटवर वाढेनात. कुठला जंतू, कुठल्या औषधाला दबणारा, हे मला सांगता येईना, आणि सर्जनला अंदाजाने औषधं निवडावी लागली. मुलीचा गुडघा दोनदा धुवावा लागला. आठवडाभर तो आतून कुजत होता आणि बाहेरून ताप उतरलेला दिसत होता. हे 'नुकसान काहीच नाही'?

अशा गुडघ्यात बहुतेक वेळा सापडणारे जंतू स्टॅफिलोकॉकस घराण्यातले असतात: ऑरियस, किंवा आपल्या कातडीवर एरवी निवांत राहणारा एपिडर्मिडिस. सेफिक्सिम हे औषध स्टॅफिलोकॉकसवर कमकुवत आहे. आपल्याकडे ते ताप, खोकला, लघवीची जळजळ अशा सगळ्यांवर दिलं जातं, म्हणून ते गुडघ्यावरही दिलं जातं. दुसरं कारण मला दिसत नाही. २०१३ साली केंद्र सरकारने एच-१ ही औषधांची वेगळी सूची काढली. तिच्यातलं औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि विकलं की रजिस्टरात रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव नोंदवायचं, असा नियम झाला. सेफिक्सिम त्या सूचीत आहे. नियमाचं पालन किती दुकानांत होतं हे वाचकांनी स्वतःच्या अनुभवावरून ठरवावं.

शिवाय योग्य अँटिबायोटिक असलं तरी नुसत्या गोळीने हे काम होत नाही. नव्या लिगामेंटवर आणि स्क्रूवर जंतू चिकट थर करून बसतात. त्या थराच्या आत औषध नीट शिरत नाही. सांधा दुर्बिणीतून धुऊन काढावा लागतो, आणि कल्चर पाहून निवडलेलं अँटिबायोटिक आधी शिरेतून, मग तोंडाने, असं कित्येक आठवडे द्यावं लागतं. वेळेत हे झालं तर बहुतेकदा नवा लिगामेंटही वाचतो. उशीर झाला तर पुवातली विकरं सांध्यातली कूर्चा खातात, आणि गेलेली कूर्चा पुन्हा तशी येत नाही. वीस वर्षांच्या पोराच्या गुडघ्यात साठीतली झीज! पाच दिवस 'बघू या' म्हणून दिलेल्या गोळ्या नेमके तेच पाच दिवस खातात.

दुसरीकडे, ज्यांचा आकडा कमी येतो ते निर्धास्त होतात, आणि ही चूक पहिलीच्या पोटातूनच जन्मते. आकडा वर म्हणजे संसर्ग, मग आकडा खाली म्हणजे संसर्ग नाही. एपिडर्मिडिससारखा मवाळ जंतू असेल तर तापही नसतो आणि सीआरपी थोडासाच वाढतो. तिसऱ्या आठवड्यात १८ आलेला आकडा 'उतरतोय की' म्हणून बाजूला ठेवला जातो. पण गेल्या सोमवारी नव्वद अंशांपर्यंत वाकणारा गुडघा या सोमवारी साठावर अडतो, रात्री ठणकतो, एखाद्या टाक्यातून पाणी झिरपतं. यातलं काही रिपोर्टमध्ये येत नाही. फिजिओथेरपिस्ट ते रोज हाताने मोजत असतात; त्यांना कुणी विचारत नाही. भूल देताना उलटी होऊ नये म्हणून किंवा दुखणं कमी व्हावं म्हणून डेक्सामेथासोन दिलं असेल तर आकडा मुळातच दबलेला असू शकतो, हेही घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आकडा खाली आणण्यासाठी हळदीचं दूध, काढे, कुठल्याशा पावडरी हाही एक उद्योग सुरू असतो. हळदीच्या दुधाला माझी हरकत नाही, पण ते आकड्यासाठी पिऊ नका. पहिल्या आठवड्यातलं हे सुजणं म्हणजे जखम भरून येण्याची सुरुवात आहे. हाडात ओवलेला लिगामेंट रुजायचा तर शरीराला ते करावंच लागतं. ते दाबून टाकण्याची घाई कशासाठी?

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ऑपरेशननंतर सीआरपी वाढतोच, तेव्हा तपासूच नका, पैसे वाया. हेही मला मान्य नाही. हे माप निरुपयोगी नाही, ते एकटं निरुपयोगी आहे. ऑपरेशनच्या आधीचा एक आकडा हवा. नंतर शंका आली तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने, शक्यतो एकाच लॅबमधून, एकाच एककात. समजा तिसऱ्या दिवशी ७०, सातव्या दिवशी ३०, अकराव्या दिवशी १२. ही उतरण आहे. समजा तिसऱ्या दिवशी ७०, सातव्या दिवशी ३०, आणि अकराव्या दिवशी ९५. इथे मी स्वतः फोन उचलून सर्जनला कळवते, कारण उतरलेला आकडा विनाकारण पुन्हा चढत नाही. कारण गुडघ्यातच असेल असं नाही. छातीत, लघवीत, पायाच्या शिरेतल्या गुठळीतही ते असू शकतं. पण आता कुणीतरी त्या मुलाला हात लावून तपासलंच पाहिजे. शंका गुडघ्यावर असेल तर सुई घालून पाणी काढलंच पाहिजे.

आणि त्या सुईला आपण भितो. 'एकदा पाणी काढलं की ते पुन्हा पुन्हा भरतं' असं गावोगाव सांगतात. पाणी भरतं ते आतल्या दुखण्यामुळे. सुई ते दुखणं निर्माण करत नाही. रक्त दंडातून येतं आणि साऱ्या शरीराची सरमिसळ खबर आणतं. गुडघ्यातलं पाणी थेट गुडघ्यातून येतं. त्यात पेशी किती, कुठल्या, जंतू दिसतो का, वाढतो का, हे मला सांगता येतं. पिकलंय का, या आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या पाण्यात असतं, आणि आपण दंडातून चौथ्यांदा रक्त काढत बसतो.

आमच्या व्यवसायाकडे माझी मागणी साधी आहे. तपासणीच्या फॉर्मवर ऑपरेशनची तारीख लिहिल्याशिवाय सीआरपीचं रक्त घेऊ नये. रिपोर्टवर कितवा दिवस हे मोठ्या अक्षरांत छापावं, मागचे आकडे शेजारी छापावेत, एकक आकड्याइतकंच ठळक असावं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात तो 'हाय' शब्द छापूच नये. माझ्या लॅबमध्ये मी हे सुरू केलं आहे; जिथे यंत्र ऐकत नाही तिथे पेनाने लिहिते.

आणि फोन करणाऱ्या प्रत्येक बापाला, भावाला मी आता आकड्याबद्दल शेवटी बोलते. आधी विचारते: ऑपरेशनचा कितवा दिवस? काल गुडघा जेवढा वाकत होता तेवढा आज वाकतो का? दुखणं रोज कमी होतंय की कालपासून वाढलंय? ताप, थंडी? टाक्यांतून काही येतंय? सगळं ठीक असेल तर ६२ ला काही करू नका, पोराचे व्यायाम चुकवू नका. दुखणं वाढत असेल, गुडघा अडत असेल, तर आकडा १८ असला तरी आज रात्रीच ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे निघा. वाटेत कुणाचीही गोळी घेऊ नका. त्यांना गुडघा दाखवा आणि पाणी काढायला लागलं तर काढू द्या. रक्त नंतर पाठवलं तरी चालेल. ते पाणी आधी पाठवा, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आत पाठवा.